सासऱ्यांची चौदा मिनिटं

टीव्हीखालचं रेकॉर्डिंगचं यंत्र झोपेत दात खाणाऱ्या माणसासारखा आवाज करायला लागलं, तेव्हा बायको म्हणाली, "अहो, हे बंद पडायच्या आत बाबांचा कार्यक्रम डिस्कवर घ्यायला हवा. दुकानातल्या माणसाला बोलावू का?"

बोलावलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण नवरा पाणीपुरवठा कार्यालयात हेडक्लार्क होता. "आधी सूचना वाचा, मग अर्ज भरा," हे वीस वर्षं लोकांना ऐकवण्यात हयात गेलेली. त्याने माहितीपुस्तक शोधून काढलं, चष्मा चढवला आणि म्हणाला, "त्यात काय आहे एवढं?"

(हे वाक्य तो ज्या ज्या वेळी बोलला, त्या त्या वेळी शेवटी प्लंबर आला होता.)

सासऱ्यांना जाऊन दोन वर्षं झाली होती. टीव्हीवरच्या बागकामाच्या कार्यक्रमात त्यांनी एकदा गुलाबाची छाटणी कशी करावी ते सांगितलं होतं. मोजून चौदा मिनिटं. ते हलताना-बोलताना दिसतील असं घरात तेवढंच होतं.

शनिवारी सकाळीच काम सुरू झालं. आधी त्याने मधल्या जाहिराती कापल्या. गादीची जाहिरात कापताना सासऱ्यांचा उजवा हात कात्रीसकट गेला. तो मोठ्या मुश्किलीने परत आणला. मग यंत्राने विचारलं, 'कॉपी' की 'मूव्ह'? कॉपी करणं त्याला शाळेपासून नापसंत होतं. त्याने 'मूव्ह' दाबलं. अर्ध्या तासाने डिस्क बाहेर आली. तिच्यावर त्याने ऑफिसातल्या ठेवणीच्या अक्षरात सासऱ्यांचं नाव लिहिलं.

रविवारी सासूबाईंकडे सगळे जमले. सासूबाई चष्मा पुसून अगदी पुढे बसल्या. मेहुण्याने डिस्क घातली. पडद्यावर अक्षरं आली, 'डिस्क वाचता येत नाही.' मेहुण्याने डिस्कवर फुंकर मारली, मग नवऱ्याने मारली. शेजाऱ्यांचा प्लेअर मागून आणला. त्यालाही वाचता येईना.

"जाऊ दे, दाजी," मेहुणा म्हणाला. "मूळ रेकॉर्डिंग आहे ना यंत्रात?"

"नाही. मूव्ह केलंय."

"म्हणजे?"

"म्हणजे... हलवलंय."

सासूबाईंनी चष्मा काढला, मिटला आणि त्याच्या डबीत ठेवला. त्यांनी चार शब्द सुनावले असते तर त्याला बरं वाटलं असतं.

घरी आल्यावर त्याने तोंड पाडूनच डिस्क आपल्या यंत्रात घातली. सासरे लगेच हजर. "गुलाबाला कापायला घाबरू नका," ते म्हणाले. बायको धपकन खाली बसली, डोळे पुसले आणि आईला फोन लावला. "आई, आमच्याकडे दिसतायत गं बाबा."

"मग मी येते," सासूबाई म्हणाल्या.

आणि त्या आल्या. दुसऱ्या दिवशी आल्या, तिसऱ्या दिवशी आल्या, रोज संध्याकाळी सहाला यायला लागल्या. सहा ही त्याची बातम्यांची वेळ. चौदा मिनिटांचा कार्यक्रम बघायला दोन तास लागत, कारण सासूबाई मध्येच थांबवायला लावत. "हा शर्ट माझ्या भावाचा. यांच्याकडे इस्त्रीचा एकही नव्हता." "इथे बघा कसे अडखळले. आरशासमोर अठरा वेळा म्हणून गेले होते." हयात असताना सासरे जावयाशी "काय, बरं आहे ना?" याच्या पलीकडे गेले नव्हते. आता रिमोट धरून बसल्या बसल्या जावयाची त्यांच्याशी चांगली ओळख होत गेली.

तीन आठवड्यांनी बायकोने त्याला दुकानात पिटाळलं. दुकानदाराने ऐकून घेतलं. "डिस्क फायनलाइज केली नाहीत. म्हणजे शेवटचं शिक्कामोर्तब राहिलंय. तोवर ती फक्त तुमच्याच यंत्रावर चालणार. एक बटण आहे, पाच मिनिटांचं काम. पुस्तकात दिलंय, पान एकसष्ट. वाचलं नाहीत का?"

"साठपर्यंत वाचलं होतं," तो म्हणाला.

तरी दोन दिवस त्याने बटण दाबलं नाही. आपण नसलो तर सासूबाई हे सगळं सांगणार कोणाला, हा विचार काही सुटेना. शेवटी मन घट्ट करून दाबलं, दुकानातून चार प्रती करून आणल्या आणि संध्याकाळी सासूबाईंच्या हातात ठेवल्या. "आता घरी बसून बघा, हवं तेव्हा," तो म्हणाला.

सासूबाईंनी डिस्क उलटसुलट करून पाहिली आणि हुश्श केलं.

"बरं झालं बाई," त्या लेकीला म्हणाल्या. "रोज दोन बस बदलून गुडघे कामातून गेले होते माझे. पण म्हटलं, जावईबापूंना इतकी गोडी लागलीय, हिरमोड कशाला करा."