साहेबांच्या गाडीचा न येणारा आवाज

"माझं घर घड्याळासारखं चालतं!" असं साहेब छाती काढून सांगायचे, आणि त्यात खोटं काहीच नव्हतं. फक्त त्या घड्याळाला किल्ली कोण देतं, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

साहेब म्हणजे बाटल्यांची झाकणं बनवणाऱ्या कारखान्यातले तपासणी विभागाचे प्रमुख. झाकण उजेडात धरायचं, मापायचं, केसभर फरक दिसला की "रिजेक्ट!" म्हणून टोपलीत भिरकावायचं. अकरा वर्षं हे केल्यावर माणूस घरी येऊन दुसरं काय करणार? घरात होती बायको, बारा वर्षांची मुलगी चिमणी आणि गुडघ्याचं ऑपरेशन झालेले वडील, अण्णा. रोज संध्याकाळी सव्वासहाला साहेब तिघांनाही उजेडात धरून बघत. चिमणीचं अक्षर, अण्णांच्या गोळ्या, सोफ्यावरच्या दोन उशांमधलं अंतर!

आणि सगळं पास व्हायचं! बेलकडे हात जायच्या आत दार उघडायचं. दारात पाण्याचा ग्लास घेऊन बायको. टेबलाशी चिमणी, नाक वहीत. खुर्चीत अण्णा, पुढ्यात वॉकर, चेहरा इस्त्री केलेला. घरात इतकी शांतता, की फ्रिजनंसुद्धा घरघरताना दोनदा विचार करावा.

"हा धाक नाही, हे प्रेम आहे," साहेब कारखान्यात सांगत. "मी येतोय, हे त्यांना आतून कळतं!"

कळायचं खरं. पण आतून नव्हे, रस्त्यावरून.

साहेबांची गाडी होती सात जणांची, उंच, पांढरी, बाजूनं बघितली तर एका खोलीचा संसार मांडता येईल एवढी. चार महिन्यांपूर्वी ब्रेक दाबला की ती बारीक शीळ घालू लागली. साहेबांना ती पाखरं वाटली. गेल्या महिन्यापासून मात्र आवाजाची प्रगती झाली. पत्र्याचं कपाट फरशीवरून ओढत न्यावं, आणि कपाटात कोणीतरी असावं, असा आवाज! कारखान्याचा रखवालदार गाडी दिसायच्या आत फाटक उघडून सलाम ठोकून उभा राहायचा. साहेबांना वाटायचं, काय माझा दरारा!

पण साहेब तपासणीतला माणूस. शंका आली की ती सोडायची नाही. एका संध्याकाळी पाणी पिता पिता त्यांनी विचारलंच, "काय गं, गाडीचा आवाज येतो का?"

बायकोनं ट्रे उगाचच पदरानं पुसला. "कसला आवाज?"

"ब्रेकचा. किंचाळल्यासारखा."

"छे हो! उलट किती शांत गाडी आहे. मला तर वाटतं, तुम्ही ढकलत आणता."

"चिमणे, तुला?"

"नाही बाबा," चिमणी वहीतून नाक न काढता म्हणाली. "मी अभ्यासात असते."

"अण्णा?"

अण्णांनी कानाला हात लावला. "काय म्हणालास?"

"आवाज! गाडीचा!"

"हो, जेवलो मी."

तीन साक्षीदार, तिघांचा एकच निकाल. दुसऱ्या दिवशी साहेबांनी तिघांना अंगणात उभं केलं आणि गाडी पुढेमागे करून पाच वेळा करकचून ब्रेक दाबला. शेजारच्या झाडावरचे कावळे उडाले. दोन घरं पलीकडे तान्हं मूल रडायला लागलं. खिडकीतून डोकं काढून साहेबांनी विचारलं, "आता?"

तिघेही वाऱ्यावर कान टाकून गंभीरपणे उभे होते. "अंहं," बायको म्हणाली. "अहो, तुमचेच कान दाखवून घ्या ना एकदा. हयगय नको."

साहेब गाडीतच बसून राहिले. आवाज आपल्या एकट्यालाच येतोय! म्हणजे बिघाड गाडीत नाही, डोक्यात आहे! त्या रात्री त्यांनी उशांमधलं अंतरही मोजलं नाही.

कानाच्या डॉक्टरांनी त्यांना काचेच्या खोलीत बसवलं, डोक्यावर हेडफोन चढवला आणि सांगितलं, "टिक् ऐकू आलं की हात वर करा." साहेबांनी सगळ्या टिक्-ना हात वर केला. वर दोनदा जास्तीचा केला, तेव्हा शोध घेतल्यावर कळलं, की बाहेर कंपाउंडर पेन उघडमीट करत होता.

"असे कान मी माणसात बघितले नव्हते," डॉक्टर म्हणाले. "हा आवाज येतो तरी कधी?"

"ब्रेक दाबला की."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "ब्रेक दाबला की आवाज येतो, म्हणून तुम्ही कानाच्या डॉक्टरकडे आलात?"

"पण डॉक्टर, घरातल्या तिघांनाही तो ऐकू येत नाही!"

"मग त्या तिघांना घेऊन या," डॉक्टर म्हणाले. "आणि येताना गाडी गॅरेजवरून आणा."

गॅरेज चालवत होती एक बाई. चष्मा दोरीनं गळ्यात, हात कोपरापर्यंत काळे, बोलणं मोजकं. लोक तिला वस्ताद म्हणत. गाडी फाटकातून आत येऊन थांबली, तशी वस्तादनं न बघताच साहेबांना विचारलं, "पुढचे दोन्ही ब्रेक ना?"

"तुम्हाला ऐकू आलं?" साहेब खिडकीतून अर्धे बाहेर आले.

"दादा, मी मघाशी घरी जेवत होते, तिथं ऐकू आलं. घर मागच्या गल्लीत आहे."

गाडी जॅकवर चढली, पुढचं चाक निघालं आणि आतली लोखंडी तबकडी उघडी पडली. तिला रोटर म्हणतात. ती चाकाबरोबर फिरते, ब्रेक दाबला की दोन पॅड तिला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरतात, आणि म्हणून गाडी भिंतीच्या अलीकडे थांबते.

"बोट फिरवा," वस्ताद म्हणाली.

साहेबांनी बोट फिरवलं. तबकडीवर गोल गोल चऱ्या पडल्या होत्या आणि काठाला नखात अडकेल एवढी कड उभी राहिली होती.

"यावर सुई ठेवली तर गाणं वाजेल," वस्ताद म्हणाली. "पॅड कधीच संपलेत. पहिल्यांदा शीळ यायची ना? ते पॅड सांगत होते. मग खरखर सुरू झाली, ते रोटर सांगत होता."

"आणि यापुढे कोण सांगणार होतं?"

"यापुढे पुढच्या गाडीचा मालक."

तिनं जाडी मोजायचं गेज काढून साहेबांच्याच हातात दिलं. कमीत कमी किती जाडी चालते, ते रोटरवरच कोरलेलं असतं. साहेबांनी चार ठिकाणी मोजलं, घाम पुसून पुन्हा मोजलं. रोटर दोन मिलिमीटरनं कमी भरत होता. दोन! कारखान्यात ते मिलिमीटरच्या दहाव्या भागासाठी माणसांची सुट्टी रद्द करत!

"बदला," ते हळूच म्हणाले. "दोन्ही बाजूंचे. पॅडसकट."

तेवढ्यात बायकोचा फोन आला. "अहो, कुठे आहात?"

"गॅरेजात. रोटर बदलतोय."

पलीकडे फोनवर हात ठेवल्याचा आवाज. मग कुजबुज. मग, "कशाला उगीच? जुने काय वाईट आहेत? चार वर्षं साथ दिलीय त्यांनी. माया म्हणून काही असते की नाही?"

पाठोपाठ चिमणीचा आवाज, "बाबा, निदान एक तरी जुना ठेवा!"

साहेबांना गहिवरून आलं. किती हळवी माणसं! "बरं, राहू देतो जुनेच," असं सांगून त्यांनी फोन ठेवला, पण मन घट्ट केलं. दुपारपर्यंत रोटर बसतो त्या जागेचा गंज घासून नवे चढले, पॅड बसले. "पहिले दोनशे किलोमीटर जपून दाबा," वस्ताद म्हणाली. "नव्यानं जमलेलं आहे, एकमेकांची ओळख होऊ द्या. आणि गाडी उद्यापर्यंत ठेवलीत, तर धुऊनही देईन. काम झालं, पण आज तेवढा वेळ नाही."

"नको, चालेल!" साहेब म्हणाले आणि उरलेल्या दिवसासाठी कारखान्यात गेले. संध्याकाळी निघताना गाडी फाटकाशी आली तरी रखवालदारानं ते उघडलं नाही. दरारा एका दिवसात उतरला होता.

सव्वासहा. वळण आलं, साहेबांनी ब्रेक दाबला, लोण्यावरून सुरी फिरावी तशी गाडी वळली. स्पीडब्रेकर आला, काही नाही. घराचं फाटक, काही नाही! साहेब हवेत तरंगत उतरले, ऐटीत दारापाशी गेले आणि बेलकडे हात नेला.

दार उघडलं नाही.

आतून मात्र हसू येत होतं. एकाचं नव्हे, तिघांचं. उशीत तोंड खुपसून दाबलेलं, तरीही खिडकीच्या फटीतून सांडणारं. साहेब दारापाशी थबकले. या घरात असं हसतात, हे त्यांना माहीतच नव्हतं. ते चोरपावलांनी खिडकीशी गेले आणि पडद्याच्या कडेनं आत बघू लागले.

सोफा भिंतीला लागला होता. उशा जमिनीवर. खोलीच्या मधोमध अण्णा उभे होते, वॉकरशिवाय, साहेबांचा जुना कोट घालून, ताठ! बायकोनं खुर्ची फरशीवरून खर्रर्र ओढली. चिमणी ओरडली, "पहिली किंचाळी! वळण!" पुन्हा खुर्ची. "दुसरी! स्पीडब्रेकर!" पुन्हा खुर्ची. "तिसरी! फाटक! सगळे जागेवर!"

अण्णा हनुवटी वर करून, दोन्ही हात पाठीमागे बांधून, बदकासारखे चालत आले. त्यांनी चिमणीचा चेहरा उजेडाकडे वळवला आणि डोळे बारीक केले.

"हसलीस?"

"नाही साहेब!"

"किती मिलिमीटर?"

बायको हसता हसता जमिनीवर बसली आणि पदरानं डोळे पुसू लागली. आणि खिडकीबाहेर एक चमत्कार झाला. साहेबांच्या पोटातून काहीतरी वर आलं, त्यांनी ते दाबायचा प्रयत्न केला, आणि ते नाकातून फुटलं!

आतली तिघं गोठली.

"कोण आहे?" बायको ओरडली.

"चोर!" चिमणी किंचाळली. "हा आवाज आपल्यातला नाही!"

अण्णांनी वॉकर गदेसारखा उचलला, बायकोनं फरशी पुसायचा दांडा घेतला आणि दार धाडकन उघडलं. दारात साहेब उभे होते.

"मीच आहे," ते म्हणाले. "मी हसलो."

"तुम्ही?" बायकोचा दांडा खाली आला. "पण आवाज का नाही आला?"

"कसला आवाज?"

बायकोनं ओठ चावला. "तो... न येणारा."

साहेबांनी खोलीकडे बघितलं, कोटाकडे बघितलं, अण्णांच्या गुडघ्यांकडे बघितलं.

"वळणापासून दारापर्यंत दीड मिनिट मिळायचं," चिमणीनं खालमानेनं सांगून टाकलं. "आई उशा लावायची, मी वही उघडायचे, अण्णा खुर्चीत. रोज."

"आणि मी आलो, की हे बंद?"

"हो."

साहेब जमिनीवरच्या उशीवर बसले. इतके महिने दार उघडत होतं ते त्यांच्यासाठी नव्हतंच तर. त्यांनी बूट काढून बाजूला ठेवले. बायको जवळ येऊन बसली. "अहो, तुम्ही वाईट नाही. फक्त आलात की तपासणी सुरू होते. गाडी बिचारी निदान आधी सांगायची."

"आता ती सांगणार नाही," साहेब म्हणाले. "तिचे रोटर नवे आहेत." मग त्यांनी घसा खाकरला. "पुढे चालू करा."

अण्णांनी दोन पावलं टाकली, पण रंग भरेना. ज्याची नक्कल, तोच समोर बसलेला! शेवटी साहेब उठले. "कोट द्या इकडे. मी करतो मला."

ते दाराबाहेर गेले, हनुवटी वर केली आणि आत आले.

"अंहं," चिमणी म्हणाली. "तुम्ही असे नाही चालत, बाबा."

"अगं, मी मीच आहे!"

"हो, पण अण्णांसारखं नाही येत तुम्हाला."

बायकोनंही एकदा चालून दाखवलं. ते साहेबांपेक्षा बरंच बरं होतं, हे साहेबांना मान्य करावं लागलं. अण्णांनी कोट परत घेतला आणि मुलाच्या खांद्यावर हात ठेवला. "तू बस बाबा प्रेक्षकांत. आपल्याला प्रेक्षक कधी नव्हताच."

साहेब उशीवर मांडी घालून बसले. नाटक पहिल्यापासून सुरू झालं आणि ते पोट धरून हसले, अगदी मनापासून.

तरी मध्येच दोनदा नाटक थांबवून चिमणीला सांगावं लागलं, "बाबा, इथं नाही हसायचं."