बॉबिनची दहा बोटं

कुत्र्याला शेपूट नव्हती.

एकादशीला कात्री चालवायची नाही, असं आजोबांनी ठरवलं होतं.

मैसूर रेशीम इतकं मऊ असतं, की त्यावर हात ठेवला तर आपलाच हात किती खरखरीत आहे ते कळतं.

मुलगी बेंगळुरूला नोकरीला गेल्यापासून कुसुमबाई नीट मराठी फक्त मांजराशी बोलत.

पांढऱ्या कापसाचा एक धागा.

मैसूरच्या चामराजपुरमात नरहरी टेलरच्या दुकानात सयाजीराव उभे होते. त्यांच्या हातात त्यांच्या लेकीची, वनजाची, लग्नासाठीची हिरवी रेशमी साडी होती. साडी फॉल लावायला आली होती. निऱ्यांच्या जागी एक धागा ओढला जाऊन वीतभर रेघ उठली होती.

"हे काय, नरहरप्पा?"

नरहरीने चष्मा वर करून पाहिलं, खाली करून पाहिलं. रेघ दोन्हीकडून होती.

शिलाई मशीनच्या फळीवर बॉबिन बसली होती. करड्या रंगाची, पांढऱ्या पायांची मांजरी. ती पुढचा पंजा चाटत होती. त्या क्षणी तिने दुसरं काहीही केलं असतं, अगदी जांभई दिली असती, तरी पुढचं काही घडलं नसतं.

"ह्या बेक्कूचं, ह्या मांजराचं काम!" सयाजीराव ओरडले.

"नाही हो राव. मशीनखाली वाढली ती. कापडाला पाय लावत नाही."

"मग कोण ओढलं? मी ओढलो?"

सयाजीरावांच्या आजोबांची घोडदळातली वर्दी नरहरीच्या आजोबांनी शिवली होती. तेव्हापासून त्या घराचं कापड दुसऱ्या कुणाच्या कात्रीखाली गेलं नव्हतं. लग्नाला महिना होता. चार साड्या, अकरा ब्लाउज आणि सयाजीरावांचा बंद गळ्याचा कोट दुकानात पडला होता. तेवढं एक घर गेलं, की नरहरीकडे उरणार होत्या त्या शाळेच्या चड्ड्या आणि गोकुलमला योग शिकायला येणाऱ्या परदेशी लोकांचे ढगळ पायजमे.

सयाजीरावांनी शेजारी बसलेल्या डोबरमनकडे बोट दाखवलं. "टायगरला बघ. लहान होता तेव्हा कान लोंबत होते, गाढवासारखे. कापून, पट्ट्या बांधून उभे केले. शेपूट पण काढून टाकलो. आता कसा मिलिटरी दिसतोय!"

आतल्या दारातून नरहरीच्या बायकोने, कुसुमबाईंनी, विचारलं, "शेपूट नाही तर तो खूश झाला हे कळतं कसं हो?"

सयाजीरावांनी थोडा विचार केला. "खूशच असतो तो," ते म्हणाले. मग नरहरीकडे वळून हळू आवाजात, "माझा तम्मा, धाकटा भाऊ, अमेरिकेत असतोय ना, त्याच्या घरी मांजर सोफा फाडायचं. नखंच काढून टाकले. मुळासकट. आमच्या टायगरचा डॉक्टर करतोय बघ तसलं सगळं. मांजर राहील, नाहीतर आमचं घर राहील. अष्टे, बस्स."

आधी नरहरीने शिंपी जे करील ते केलं.

मापाच्या वहीतून : *बॉबिन. पुढचे पाय. घेर दोन इंच. लांबी अडीच. लाल मखमल, आतून अस्तर. इलॅस्टिक. ट्रायल : ताबडतोब.*

मखमलीचे मोजे घालून बॉबिन कपाटावर उडी मारायला गेली. तिचे पाय कपाटाला लागले, पण धरेनात. ती खाली आली ती तेलाच्या बुधलीवर, तिथून मशीनचं तेल लागलेल्या मोज्यांनी गुलाबी ब्लाउजपीसवरून घसरत थेट उंबऱ्यापर्यंत. तिथे बसून तिने दातांनी दोन्ही मोजे उसवले. टाके नरहरीचे होते, त्यामुळे तिला वेळ लागला.

आणि दुसऱ्या दिवशी साडीवर आणखी एक रेघ निघाली.

डॉक्टर गुरुराजांचा दवाखाना दोन गल्ल्या पलीकडे होता. त्यांच्या घरातही मराठीच बोलत, म्हणून नरहरीला वाटलं, काम सोपं होईल.

"नखं काढायची? कायमची?" डॉक्टर कुठल्याशा कुत्र्याचा कान कापसाने पुसत होते. ते थांबले. "नरहरी, हात दे इकडे. अंगठा."

त्यांनी कापूस तसाच हातात ठेवून नरहरीचा उजवा अंगठा धरला आणि पहिल्या पेरावर नखाने रेघ ओढली. "मांजराचं नख हाडातून उगवतं. नख काढायचं म्हणजे इथून बोट तोडायचं. पुढच्या दोन पायांची दहा. तुझ्या रेशमासाठी मी दहा बोटं तोडणार नाही."

"थोडी माया ठेवून कापता येत नाही का?"

"शिलाईत ठेवतोस ती? इथे ती सोय नाही. कापलं ते गेलं. त्यापेक्षा महिन्यातून एकदा आण, टोकं बोथट करून देतो. नाहीतर काथ्या गुंडाळलेली एक फळी दे ओरबाडायला."

"लग्न महिन्यावर आहे, डॉक्टर."

"कुणाचं? मांजराचं?"

नरहरी हसला नाही. तीस वर्षं तो कापड कापत होता आणि प्रत्येक कापडात दोन बोटं जादा ठेवत होता. पुढे गिऱ्हाईक अंगाने सुटलं तर उसवून वाढवता यावं म्हणून. परत न वाढणारं असं काही त्याने आजवर कापलं नव्हतं. हे त्याला दवाखान्याच्या पायरीवर स्पष्ट कळलं. घरी पोचेपर्यंत त्याने ते स्वतःला विसरायला लावलं.

तिसरी रेघ निघाली तेव्हा त्याने सयाजीरावांच्या टायगरच्या डॉक्टरला फोन केला.

एकादशीचा दिवस ठरला, कारण एकादशीला दुकानात कात्री चालत नसे आणि नरहरी मोकळा असे.

"नखं कापून आणतो," त्याने कुसुमबाईंना सांगितलं. "जरा वाढलीत."

"आणा. दहीभात कालवून देते बरोबर."

"उपाशी आणायला सांगितलंय."

"बरंय की." कुसुमबाईंनी बॉबिनला पिशवीत बसवलं आणि तिच्या कपाळाला बुक्का लावला. "ऐकलंस का ग बाई? एकादशी घडते आहे तुला. किती भाग्याची तू."

नरहरीने मशीनवरच्या विठ्ठलाच्या तसबिरीकडे पाहायचं टाळलं.

संध्याकाळी पिशवी परत आली. बॉबिनच्या दोन्ही पंजांना पांढरी पट्टी होती. ती डोळे अर्धवट उघडे ठेवून पडली होती.

"नखं कापायला पट्टी कशाला?"

"कात्री जरा आत गेली."

"किती आत?"

नरहरीने अंगठा पुढे केला आणि डॉक्टर गुरुराजांनी दाखवलं होतं तिथे बोट ठेवलं.

कुसुमबाईंनी त्या पेराकडे पाहिलं. मग त्या बॉबिनला घेऊन आत गेल्या. नऊ वाजता त्यांनी ताट आणून ठेवलं आणि विचारलं, "ऊटा माडतीरा?" जेवणार का. कन्नडमध्ये. गिऱ्हाइकाला विचारतात तितक्या अदबीने.

लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली होती. त्या घरात नवरा-बायको पहिल्यांदाच कन्नड बोलत होते. नरहरीने मराठीत उत्तर द्यावं, कुसुमबाईंनी "सरी", म्हणजे बरं, एवढंच म्हणावं. दाराआड मात्र त्यांचं मराठी ऐकू येई, मऊ, जुनं, "सोसेल हो माझ्या चिमणे" असलं. नरहरी मशीन बंद करून ते ऐके. इतक्या चांगल्या मराठीत आपल्याशी कुणी बोलून किती वर्षं झाली, ह्याचा हिशोब त्याला लागेना.

पट्ट्या सुटल्या, आणि बॉबिन चालू लागली. तापलेल्या फरशीवरून चालावं तशी. न्हाणीघरातल्या वाळूच्या घमेल्यात तिने एकदा पाय ठेवला आणि झटक्यात मागे घेतला. वाळू टोचत होती. घमेलं तिने कायमचं सोडलं आणि घरात सगळ्यात मऊ काय आहे ते शोधायला निघाली.

सगळ्यात मऊ होता सयाजीरावांचा कोट.

नरहरीने तो धुतला. अत्तर लावलं. चार वेळा इस्त्री केली. माणसाच्या नाकाला काही कळलं नसतं. सयाजीराव कोट घालून आरशासमोर ताठ उभे राहिले.

"वा, नरहरप्पा! मांजराचं काम केलास, बघ कसं सगळं नीट झालं!"

टायगर उठला. त्याने कोटाचा काठ हुंगला. पुन्हा हुंगला. त्याचे उभे कान उभेच होते, शेपूट नव्हतीच; त्याला राग आलाय की आनंद झालाय, हे कळायला कुणालाच मार्ग नव्हता. मग त्याने मागचा पाय उचलला.

"टायगर! छी! टायगर, बेडा, नको!"

टायगरने काम पूर्ण केलं.

"कुत्रा येडा झालाय," सयाजीराव ओल्या विजारीने म्हणाले.

"खूश झाला असेल," आतून कुसुमबाई म्हणाल्या. कन्नडमध्येच.

कोट पुन्हा धुवावा लागणार होता. नरहरीने तो बादलीत भिजत घातला आणि त्याला बरं वाटलं. ह्या पंधरा दिवसांत शिक्षा झाल्यासारखं काहीतरी पहिल्यांदाच घडलं होतं.

पुढची एकादशी आली. कात्री बंद. फॉल लावून झालेली हिरवी साडी घडी घालून द्यायची बाकी होती. समोर कुसुमबाई बसल्या होत्या, मांडीवर बॉबिन झोपलेली, आखूड झालेले दोन पंजे हवेत. नरहरीने साडीची घडी जुळवली आणि तिच्यावरून उजव्या अंगठ्याचं नख दाबत नेलं. शिवण, घडी, काठ बसवायला त्याने ते नख पंचवीस वर्षं मुद्दाम वाढवलं होतं. वडिलांचंही तसंच होतं. इस्त्रीपेक्षा नख बरं, असं वडील म्हणत.

सर्र.

वीतभर रेघ उठली.

दोघांनी आधी बॉबिनकडे पाहिलं. तिचा कान हलला, बाकी काही नाही. मग दोघांनी अंगठ्याकडे पाहिलं. नखाच्या टोकाला बारीकशी चीर होती. केसाएवढी. हिरवा धागा अजून तिच्यात अडकलेला होता.

नरहरी उठला. खिळ्यावरची मोठी कात्री त्याने काढली. एकादशी होती, विठ्ठल वरून पाहत होता. त्याने अंगठा कात्रीत धरला. कात्री पेरापर्यंत सरकवली आणि तिथे थांबवली.

कुसुमबाई थांबा म्हणाल्या नाहीत.

कात्री हळूहळू मागे आली, पेरावरून, मांसावरून, अगदी टोकाला. कट्. चंद्रकोरीएवढा तुकडा फरशीवर पडला. रक्त नाही, काही नाही.

"एवढंच," नरहरी म्हणाला.

कुसुमबाईंनी तो तुकडा उचलून तळहातावर घेतला. पंधरा दिवसांनी त्या त्याच्याशी मराठीत बोलल्या.

"तुमचं वाढेल हो परत."

त्या दिवशी दवाखान्यात डॉक्टर गुरुराजांनी पेर दाखवायला नरहरीचा अंगठा धरला, तेव्हा त्यांच्या हातातल्या कापसाचा एक धागा नखात अडकून राहिला होता. तो नरहरीने घरी येताना वाटेतच, नखाकडे न पाहता, दातांनी काढून टाकला होता.