वहीतलं पित्त

सासूबाईंच्या अंगावर पित्त उठलं, की गालापासून पोटरीपर्यंत लाल गांधी फुलायच्या. कारणही त्यांना जागच्या जागी सापडायचं.

"सूनबाईंचा नवा साबण!"

साबण बदलला. पित्त उठलं.

"मग हिची फोडणी!"

फोडणी बंद झाली. बेचव खाऊन घर सुकलं, पित्त मात्र टवटवीत.

डॉक्टर म्हणाले, "आजी, खाजवू नका, गार पाण्याची घडी ठेवा. ओठ सुजले, दम लागला तर तडक या. आणि पंधरा दिवस वही ठेवा. काय खाल्लं, काय घेतलं, काय घडलं, सगळं लिहायचं."

"वहीत हिचंच नाव निघणार," घरी येताच सासूबाईंनी बजावलं. "नाही निघालं, तर स्वयंपाकघर हिच्या ताब्यात. मी डब्याचं झाकणसुद्धा उघडणार नाही!"

चाळीस वर्षांचं राज्य पणाला लागलं. हरायची सवय नसली की माणूस असंच बोलून बसतं.

अडचण एकच. सासूबाईंचं लिहिणं सहीपुरतं, मुलगा फिरतीवर. लिहायला उरली कोण? सूनच.

"लिही. सकाळी सून फटकन बोलली."

"कोणती सून, आई?"

"मला काय डझनभर आहेत? लिही! डोकं उठलं. मग पित्त उठलं."

सुनेनं मुकाट्यानं लिहिलं. पंधरा दिवस.

डॉक्टरांनी वही मोठ्यानं वाचली. "सून बोलली, डोकं उठलं, कपाटातली लाल गोळी घेतली, पित्त उठलं. सून हसली, डोकं उठलं, लाल गोळी, पित्त..."

"गोळी मी कुठं सांगितली?" सासूबाई ताडकन उठल्या.

"काय घेतलं तेही लिहायचं होतं ना," सून पुटपुटली आणि तिनं गोळ्यांची पट्टी डॉक्टरांपुढे ठेवली.

"सापडलं!" डॉक्टर म्हणाले. "ही दुखण्यावरची गोळी काहींना सोसत नाही. आजपासून बंद."

"पण ती घ्यायची पाळी आणली कुणी? नाव हिचंच निघालं!"

"आजी, खाल्लं कुणाला होतं? गोळीला की सुनेला?"

बाहेर बाकावरचे पेशंटसुद्धा हसले.

आठवडा झाला. सासूबाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर स्टुलावर बसल्या होत्या, हातात सुनेनं केलेला चहा.

"लिही. आज पित्त नाही."

"आणि सून?"

"सून..." त्यांनी घोट घेतला. "बोलली. पुष्कळ बोलली. डोकं उठलं नाही." मग एकदम भानावर येऊन म्हणाल्या, "खोड ती ओळ!"

सुनेनं ठसठशीत रेघ ओढली. "खोडली, आई."

सासूबाईंना अक्षर लागत नसे. पण रेघ ओळीवरून गेली की ओळीखालून, एवढं त्यांना कळत होतं.

त्यांनी चहाचा दुसरा घोट घेतला.