एक मिनिटाचे तिकीट

आमच्या गावच्या रंगमंदिराला तिकीट नाही. ज्याला आत बसून खेळ पाहायचा असेल, त्याने आधी रंगमंचावर उभे राहून एक मिनिट स्वतःचे काहीतरी करून दाखवायचे. गाणे, नक्कल, उखाणा, कोलांटी, काहीही चालते. मिनिट संपले की शिट्टी वाजते आणि माणूस खाली उतरून जाजमावर बसतो. आता तो प्रेक्षक झाला.

हा नियम संस्थेचे संचालक सिद्धार्थ ओव्हाळ यांचा. ते मालगाडीचे गार्ड होते. लोणावळ्याहून निवृत्त झाले आणि आंदर मावळातल्या आपल्या जन्मगावी परतले. येताना एक ट्रंक, एक शिट्टी आणि दोन झेंड्या आणल्या. ग्रामपंचायतीची भातगिरणी बंद पडून होती. ती त्यांनी मागून घेतली, झाडली, आणि तिथे रंगमंदिर सुरू केले. रीतसर न्यास नोंदवला. नफा काढायचा नाही, असे घटनेत लिहिले. त्या कलमाचा भंग होण्याची वेळ अद्याप आलेली नाही. चिटणीस म्हणून माझी सही आहे.

गिरणीला दार एकच, आणि ते पोती उतरवण्याच्या उंच चौथऱ्यावर उघडते. हाच चौथरा आमचा रंगमंच. त्यामुळे आत येणाऱ्याला रंगमंच ओलांडल्यावाचून गत्यंतर नाही. ओव्हाळ दारात उभे राहतात. हिरवी झेंडी हलली की मिनिट सुरू.

पहिल्या दिवशी मलाही सूट मिळाली नाही.

"गुरुजी, लाईन क्लिअर. व्हा फुडं."

"मला काही येत नाही, ओव्हाळ."

"चाळीस वर्षं पोरं शिकवली आन काय येत न्हाई?"

मी एकोणतीसचा पाढा म्हटला. मला तो गंभीरपणे येतो आणि मी तो गंभीरपणेच म्हटला. दोनशे एकसष्टला पहिली रांग हसू लागली, दोनशे नव्वदला शेवटची लोळली. यात हसण्यासारखे काय आहे, ते मला अजून समजलेले नाही. आता मी दारात दिसताच आतून ओरड होते, "गुरुजी, एकोणतीसचा!" एकदा मी एकतीसचा म्हटला. लोकांनी तो घेतला नाही.

नियमातून कोणीही सुटत नाही. विजेच्या कार्यालयातला वायरमन मीटर तपासायला आला. त्याने खांबावर चढताना मुंगी चावलेल्या माणसाची नक्कल केली आणि टाळ्या घेतल्या. तेव्हापासून आमच्या मीटरमध्ये दर पंधरवड्याला काहीतरी बिघाड निघतो. गुरांच्या डॉक्टरांनी शेळीचे सात प्रकारचे खोकले काढून दाखवले. त्यातल्या पाचव्या खोकल्याला कासाबाईंनी तिथल्या तिथे औषधही विचारून घेतले. कासाबाई डोंगरावरच्या वाडीतून दीड तास चालत येतात. त्यांच्याकडे लग्नातली गाणी इतकी आहेत, की अद्याप एकही दुसऱ्यांदा आलेले नाही.

धबधबा शोधत वाट चुकलेले एक कुटुंब मोटारीतून आले. गृहस्थाने पाकीट काढले.

"काका, किती झाले? सगळ्यांचे देतो."

"पैशे ठिवा खिशात. पाय हालवा."

"म्हणजे?"

"नाचा म्हनतो. येळ जातोय."

गृहस्थ नाचले. बायको त्यांच्याकडे लग्न झाल्यापासून प्रथमच पाहत असावी, असे पाहत राहिली. धबधबा राहिला. जाताना त्यांनी लोणावळ्याची चिक्की दिली. ओव्हाळांनी ती घेतली, पण त्याआधी त्यांच्या मुलीकडून कुकरच्या तीन शिट्ट्या काढून घेतल्या.

पुण्याहून एक नाट्यतज्ज्ञ ग्रामीण रंगभूमीवर व्याख्यान द्यायला आले होते. आपण दिग्दर्शक आहोत, अभिनय करीत नाही, असे त्यांनी सांगितले. "मंग भायेरून बोला," असे ओव्हाळ म्हणाले. व्याख्यान खिडकीच्या गजांतून झाले. ते चांगले होते. अर्धेच ऐकू आले.

ओव्हाळांचा कारभार सगळा गाडीच्या हिशेबाने चालतो. खेळ पावणेसहाला ठेवू, असे मी सुचवले, तर त्यांनी मान हलवली. "पावनेसहा म्हंजी अंदाज, गुरुजी. पाच सत्तेचाळीस म्हंजी येळ." पडदा पाच सत्तेचाळीसला उघडतो. नट रंगलेला असो वा नसो. एका राजाला यामुळे अर्ध्या मिशीनिशी राज्य करावे लागले.

त्याच राजाने पुढे भलत्याच प्रवेशात प्रवेश केला. ओव्हाळांनी दारातून लाल झेंडी दाखवली आणि ते ओरडले, "गाडी मागं घ्या!" राजा पाठ न फिरवता, पावलापावलाने, मुजरा घेत घेत मागे गेला. लोकांना तो राजशिष्टाचार वाटला.

नाटकात आठवण देणारा माणूस त्यांनी पडद्याआड बसवला नाही. "घाटात मागून इंजिन लावत्यात, तसा लावायचा." म्हणून आमच्याकडे तो नटाच्या मागे उभा असतो आणि नट अडला की वाक्य सांगण्याऐवजी त्याला पुढे ढकलतो. आश्चर्य असे, की ढकलल्यावर वाक्य आठवते.

हे असे तीन वर्षे चालले. चौथ्या वर्षी नाथाआबा उठले.

नाथाआबा हे गावच्या दूध सोसायटीचे अध्यक्ष. माणूस वाईट नाही. दूध रस्त्यापर्यंत नेईतो उन्हाने नासते, एसटीचा भरवसा नाही, म्हणून गावातच दूध थंड करण्याची टाकी बसवायची, हे त्यांचे म्हणणे रास्त होते. टाकीला पक्के छप्पर हवे आणि विजेची जोडणी हवी. दोन्ही फक्त गिरणीत होते. गिरणी सोसायटीला द्यावी, असा ठराव त्यांनी ग्रामसभेपुढे ठेवला. ठराव झाला असता तर रंगमंदिर त्याच आठवड्यात उठले असते.

चावडीसमोर दोघांची गाठ पडली.

"ओव्हाळ, नाटक पिऊन पोरं मोठी व्हत न्हाईत."

"आन दूध पिऊन हसत्यात व्हय, आबा?"

"हसून प्वॉट भरतं का?"

"तुमी तीन वर्सांत येकदाबी आला न्हाई. तुमाला काय म्हाईत, कशानं काय भरतं."

"मी न्हाई येनार. मला माकडचाळं जमत न्हाईत."

"मंग गिरनी घ्या. पर घ्यायच्या आदी येकदा बघून तरी घ्या."

ग्रामसभा गिरणीतच भरणार होती, कारण एवढी माणसे मावणारी दुसरी जागा गावात नाही. दुपारी दोनची वेळ. ओव्हाळ दारात झेंडी घेऊन सज्ज होते. ग्रामसेवकाने त्यांना थांबवले. तरुण आहे, नियमाने चालतो.

"ओव्हाळसाहेब, ग्रामसभेला अट घालता येत नाही. सगळ्यांना सरळ आत सोडावं लागेल."

"बरं."

"आणि तुमचं नाव मतदार यादीत अजून लोणावळ्यात आहे. तुम्हांला सभेत बसता येणार नाही."

"बरं," असे पुन्हा म्हणून ओव्हाळांनी झेंड्या गुंडाळल्या आणि ते बाहेर निघून गेले. वाद घालतील, अशी माझी अपेक्षा होती. त्यांनी घातला नाही, हे मला बरे वाटले नाही.

लोक येऊ लागले. पहिल्या कासाबाई. त्यांना कोणी अडवले नाही, झेंडी दाखवली नाही. त्या दारातून चौथऱ्यावर आल्या, थांबल्या, पदर सारखा केला आणि हळदीचे एक गाणे म्हटले. मग खाली उतरून बसल्या.

"मावशी, आज ते नको. आज ग्रामसभा आहे," ग्रामसेवक म्हणाला.

"व्हय की. म्हनून तर लवकर म्हटलं."

त्यांच्यामागून वायरमन आला. तो गावचा नव्हता, पण त्या दिवशीही मीटर बिघडला होता. त्याने मुंगी केली. त्याच्यामागून वाडीची सात माणसे आली. एकाने बैलजोडी केली, बाकीच्यांनी गाडा केला. लोक दारात पाऊल टाकत, चौथऱ्यावर थबकत, आणि त्यांचे हातपाय आपोआप हलू लागत. तीन वर्षांत त्या दाराने गावाला लावलेले वळण एका सरकारी नियमाने जाणारे नव्हते. सरपंचबाईंनी नवऱ्याचे नाव घेतले, तेही गॅस सिलिंडर गुंफून. मीही गेलो. एकोणतीसचा म्हटला. सभेचे गांभीर्य राखावे म्हणून सावकाश म्हटला. परिणाम अधिक वाईट झाला.

ग्रामसेवकापुढे कार्यवृत्ताची वही होती. जे घडेल ते नोंदवायचे, हे त्याचे कर्तव्य. तो प्रथम भांबावला, मग मान खाली घालून लिहू लागला. "श्री. अमुक यांनी कोंबडा काढला. सभेने दाद दिली." ही वही तालुक्याला जाते. तिथून अद्याप पत्र आलेले नाही.

शेवटी नाथाआबा सोसायटीच्या माणसांसह आले. त्यांच्यातला एकेक जण आबांची नजर चुकवून काही ना काही करून खाली बसला. मग चौथऱ्यावर आबा एकटे उरले. शंभरावर माणसे त्यांच्याकडे पाहत होती. गावात आबांना कोणी काही म्हणत नाही.

आबा खाकरले. "मला न्हाई ह्यातलं काय येत." मग म्हणाले, "नवा जावई म्हस पिळाया बसला, तर काय व्हतं, त्येवडं दावतो."

त्यांनी जावई केला. मग म्हैस केली. म्हशीने जावयाकडे वळून पाहिले, ते पाहणे मी शब्दांत सांगू शकत नाही. जावई शेपटीची विनवणी करू लागला. म्हशीने पाय उचलला आणि विचार करून पुन्हा खाली ठेवला. कासाबाई जाजमावर आडव्या झाल्या. ग्रामसेवकाने लेखणी टाकली. म्हैस, जावई, बादली, आणि कुंपणापलीकडून उपदेश करणारी सासू, असे सगळे आबा एकट्याने करीत होते. दोन मिनिटे झाली, पाच झाली. आबा घामाने निथळले. मधूनच ते मानेने दाराकडे वळत, पुन्हा करू लागत. अखेर म्हशीचा पाय हवेतच धरून ते ओरडले,

"शिट्टी का वाजंना रं? थांबायचं कसं मानसानं?"

"शिट्टीवाला भायेर हाय, आबा," कोणीतरी सांगितले. "त्याला बसाया परवानगी न्हाई."

आबांनी पाय खाली घेतला. दम खाल्ला. "अन् उद्या हितं टाकी बसवली तर शिट्टी कुनी वाजवायची? दुदानं?" मग ग्रामसेवकाकडे वळले. "तो ठराव मागं घेतला म्हनून लिव्हा. माझ्या गोठ्याच्या कडंला पत्र्याची शेड हाय. वीज घ्यू तितं वढून. बसंल टाकी. त्या गड्याला बलवा आदी."

ग्रामसेवकाने सभा संपल्याचे लिहून वही मिटली. मी बाहेर गेलो.

ओव्हाळ गिरणीच्या मागे होते. रंगमंचाचा मोठा पडदा धुऊन वाळत घातला होता, तो त्यांनी उतरवला होता आणि त्याची घडी घालत होते. पडदा लांब, माणूस एकटा. घडी जमत नव्हती. मी दुसरे टोक धरले.

"झाला ठराव?" त्यांनी विचारले.

"मागे घेतला. नाथाआबांनीच."

त्यांचे हात थांबले. "लय हसत व्हते समदे. मला वाटलं, मलाच हसत्यात."

"म्हैस होती. आबांनी केली. चला आत, बोलावताहेत."

"न्हाई. मी दारातच बरा."

"का?"

"आत बसायचं म्हंजी येक मिनिट द्यावं लागतं, गुरुजी. मला कायबी येत न्हाई. गाता येत न्हाई, नक्कल जमत न्हाई. दारात उभ्या मान्साला कुनी इचारीत न्हाई, म्हनून दार धरलं."

मी हिशेब केला. त्या दारातून चौथऱ्यावरच्या माणसाची पाठच दिसते. "म्हणजे तीन वर्षांत तुम्ही एकही खेळ समोरून पाहिलेला नाही?"

"पाठी वळखतो की समद्यांच्या." ते पडद्याची किनार जुळवीत राहिले. "मालगाडीला गार्डाचा डबा शेवटचा. सत्तावीस वर्षं त्यात येकटा. श्टेशनं जायची, मान्सं जायची, बघूस्तवर मागं. तवा ठरिवलं व्हतं, सुटलो की मान्सं सावकाश बघायची. येका येकाला येक येक मिनिट तरी."

घडी पूर्ण झाली. मी ती त्यांच्या हातून काढून घेतली आणि त्यांना पुढे घातले.

ते चौथऱ्यावर उभे राहिले. हात कुठे ठेवावेत, हे त्यांना कळेना. टोपी काढली, पुन्हा घातली. खाली माणसे बसली होती. ओव्हाळ त्यांच्या तोंडांकडे पाहू लागले. डावीकडून सुरुवात केली, एकेक चेहरा घेत उजवीकडे गेले, मग मागच्या रांगेला लागले. कोणी हसले नाही. मिनिट कधीच संपले होते. शिट्टी त्यांच्याच खिशात होती, आणि ती वाजवण्याचे त्यांना सुचले नाही.

कासाबाई सरकल्या. जाजमावर हात फिरवून त्यांनी जागा केली. "भाऊ, बसा आता. हितून ब्येस दिसतंय."

ओव्हाळ खाली उतरले आणि बसले.

धारांची वेळ टळून गेली होती. गावातल्या गोठ्यांतून म्हशी हंबरत होत्या, त्यांत नाथाआबांचीही होती. कोणी उठले नाही.