म्हशीवरची जागा

ग्लास तोंडाला लावता लावता बुद्धभूषण थांबला. म्हशीच्या पाठीकडं बघत म्हणाला, "मामा, ह्यो कावळा रोज इथंच बसतोय?"

"रोज," पिराजी धार काढता काढता म्हणाला. "घरचाच हाय."

मंगळवार पेठेतल्या कट्ट्यावर सकाळी साडेसहाला पिराजीची म्हैस उभी राहते. गिऱ्हाइकानं ग्लास पुढं करायचा, पिराजीनं त्यातच धार सोडायची आणि फेस बसायच्या आत दूध पोटात गेलं पाहिजे. इथं तापवलेलं दूध मागणं म्हणजे तालमीत जाऊन खुर्ची मागणं.

बुद्धभूषण महिन्यापूर्वीच पेठेत राहायला आला होता. रक्त-लघवी तपासायच्या लॅबमध्ये कामाला होता. त्यानं भरलेला ग्लास कट्ट्यावर ठेवला.

"कावळा उकिरड्यावर खातोय, गटारीत अंघोळ करतोय. पोटात जुलाबाचे जंतू घेऊन फिरतोय. त्याला सोताला काय होत न्हाय. शिटला की म्हशीच्या अंगावर, तिथनं तुमच्या हाताला, हातातनं ग्लासात."

"आजवर कोण मेलंय का, सर?"

"मरत न्हाय कोण. पळतंय."

शेजारी सम्राट पैलवान तिसरा ग्लास पीत होता. मागच्या आठवड्यात ऐन कुस्तीच्या सकाळी आपण चार वेळा पळालो होतो, हे त्याला आठवलं. त्यानं ग्लास हळूच ओतून दिला.

इथं कावळ्याचीही बाजू घ्यायला हवी. कावळा म्हशीच्या कानातली गोचिडं टिपत होता.

म्हशीची बाजू: डोळे मिटलेले.

दुसऱ्या दिवशी विसातली चौदा गिऱ्हाइकं पलीकडं भाऊसोच्या म्हशीकडं गेली. भाऊसो पिराजीला ऐकू जाईल असं म्हणाला, "आमची म्हस एकटीच असती बाबा. पाव्हणंरावळं न्हाईत." पिराजीची ही वडिलांच्या काळापासूनची जागा. आठ दिवस अशीच मोकळी दिसली, तर भाऊसो दुसरी म्हैस आणून तिथं बांधणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

पिराजीनं कावळा हाकलला. काठीनं, टॉवेलनं, शेवटी चप्पल फेकून. कावळा गेला. म्हशीनं डोळे उघडले, मान वळवून रिकामी पाठ बघितली आणि पान्हा चोरला. व्याल्यापासून तिला एकच सवय लागलेली, आधी कान साफ, मग दूध. पिराजीनं स्वतः कान खाजवून बघितले. लाथ बसली.

"तिला कावळा पायजे न्हवं? मी देतो की करून," बायको बयाबाई म्हणाली.

तिनं जुन्या छत्रीचं कापड कापलं, आत चिंध्या भरल्या, चोच म्हणून गाजर लावलं आणि हा कावळा म्हशीच्या पाठीवर बांधला. म्हैस फसली नाही.

कावळे फसले.

आपल्यातलं कोणतरी म्हशीवर निपचित पडलंय, अशी बातमी तारेवरून तारेवर गेली. दहा मिनिटांत पेठेतले सगळे कावळे कट्ट्यावर. काव काव काव. खाली ग्लास, वर शंभर शेपट्या. राहिलेली सहा गिऱ्हाइकंही गेली, त्यातली दोन अंघोळीला.

"मामा, कावळ्याशी भांडू नका," संध्याकाळी बुद्धभूषण म्हणाला. त्यालाही जरा वाईट वाटत होतं. "बसू दे त्याला. हात धुवा, कास धुवा, आन् दूध उकळा. जंतू मरत्यात."

"कट्ट्यावर? उकळू?"

"मग मोकळंच बसा."

सकाळी स्टोव्ह पेटला. कावळा पाठीवर, म्हैस खूश, पातेलं भरलं. सम्राट लांबूनच म्हणाला, "उकळल्यालं प्यायला हितं कशाला? घरात आई हाय की!" आणि गेला. दूध आटायला लागलं. वाया जाऊ नये म्हणून बयाबाईनं त्यात साखर टाकली, चहापूड टाकली, आलं ठेचून टाकलं.

वासानं सम्राट परत आला. त्याच्या मागोमाग तालीम.

तिसऱ्या दिवशी रांग लागली. चौथ्या दिवशी बयाबाईनं चहाबरोबर खारी ठेवली. पाचव्या दिवशी कावळा म्हशीवरून उठला आणि खारीच्या ताटाशेजारी जाऊन बसला.

म्हशीनं पान्हा चोरला.

रांगेत तीसजण, पातेल्यात नुसतं पाणी. बयाबाई धावत जाऊन दुकानातून दुधाच्या पिशव्या घेऊन आली. सम्राटनं एक घोट घेतला, तोंडातच धरला, मग गिळला. "काकी, ही म्हस न्हवं."

रांग हलली. पलीकडं भाऊसोनं आजच स्टोव्ह मांडला होता.

बुद्धभूषण लॅबला जायला निघाला तेव्हा पिराजी खारीचे तुकडे करून म्हशीच्या पाठीवर ओळीनं मांडत होता.

"मामा! परत कावळा?"

"दूध उकळतोय न्हवं, सर? मग बसू दे की."

बुद्धभूषणनं विचार केला. शास्त्राप्रमाणं हरकत नव्हती. "हात तेवढे धुवा," एवढंच तो म्हणाला.

पिराजीनं हात धुतले, टोपी सारखी केली आणि तारेवर जाऊन बसलेल्या कावळ्याकडं बघून आवाज दिला, "या की पावणं. बसा. आपलंच हाय."

कावळ्यानं मान तिरकी करून खारीकडं बघितलं. मग दुसऱ्या बाजूला तिरकी करून भाऊसोच्या ताटाकडं बघितलं. बराच वेळ बघितलं.

"बया," पिराजी हळू आवाजात म्हणाला, "भाऊसोनं क्रीमरोल ठेवल्यात."