चोवीस पटींची दुर्बीण आणि न पडणारं हरीण

“काका, ते हरीण का पडलं नाही हो?”

हा प्रश्न मी विचारला. काकांच्याच शिकारीच्या सामानाच्या भर दुकानात! हरणांच्या शिकारीचा मोसम उघडायला पाच दिवस उरलेले, काउंटरपाशी नारिंगी टोप्या घातलेली अकरा माणसं उभी, आणि मी हे विचारलं! माझ्या मैत्रिणींनी, ब्रिटा आणि केन्सीने, पैज लावली होती, “हिंमत असेल तर विचारून दाखव रेनो काकांना!” आता त्या दोघी बुटांच्या मांडणीमागे उभं राहून हसू दाबायला स्वतःचे हातमोजे चावत होत्या.

गेल्या वर्षी मी हे केलं नसतं. गेल्या वर्षी मी हजेरीला “हजर” म्हणतानासुद्धा कानापर्यंत लाल व्हायचे. पण या सप्टेंबरात मी सोळा वर्षांची झाले आणि शाळेच्या नाटकात वादळाची भूमिका केली. बोलायचं काही नव्हतं, पडद्यामागून नुसतं घोंघावायचं होतं. पण मी अशी घोंघावले की पहिल्या रांगेतल्या आजीबाईंनी अंगात कोट चढवले! तेव्हापासून मला कशाचीच भीती वाटेनाशी झाली आहे.

हरणाची गोष्ट अशी. नऊ वर्षांपूर्वी रेनो काकांना पहाटेच्या धुक्यात एक दहा शिंगटोकांचं हरीण दिसलं. त्यांनी गोळी घातली. हरीण जागचं हललं नाही. दुसरी घातली, तिसरी घातली. पाच गोळ्या घातल्या, पाचही बरोबर खांद्यात, आणि हरीण आपलं उभंच! शेवटी शेजारच्या बाई झोपायच्या कपड्यांतच बाहेर आल्या आणि म्हणाल्या, “रेनो, माझा मुलगा धनुष्यबाणाचा सराव करतो ना, त्याचं ते फोमचं हरीण आहे रे.” अख्ख्या गावाला ही गोष्ट पाठ आहे. फक्त काकांच्या तोंडावर कोणी काढत नाही.

दुकानात अशी शांतता पसरली की कोपऱ्यातल्या बादलीतले मासेसुद्धा पोहायचे थांबले. काकांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

“तू कार्लची लेम्पी ना? काय हवंय?”

“उत्तर.”

“आणि?”

“आणि रायफलवर बसवायची दुर्बीण. स्वस्तातली.”

“उत्तर सवडीनं देईन,” काका म्हणाले. “दुर्बीण आत्ता दाखवतो.”

आता माझी योजना सांगते. आजोबांची जुनी सेमी-ऑटोमॅटिक रायफल या वर्षी माझ्याकडे आली. आणि आमच्याच रानात, गोठलेल्या दलदलीच्या काठी, म्हाताऱ्या देवदारावर आजोबांचं मचाण आहे. तिथे एकटीने बसायचं, हे माझं दहा वर्षांची असल्यापासूनचं स्वप्न! बर्फ पडताना त्याचा आवाज येतो असं आजोबा म्हणायचे. मला तो ऐकायचा होता. आजवर मला मोसमाचा पहिला दिवस बाबांच्या शिकारीच्या आडोशात, त्यांच्याबरोबर एका पांघरुणात काढावा लागायचा, आणि बाबा लिमलेटच्या गोळ्या कडाकडा चावून खातात. बर्फाचा आवाज कुठला ऐकू येणार!

बाबांनी अट घातली होती. “दुर्बीण स्वतःच्या पैशानं घे, स्वतः बसव. शंभर पावलांवरून कागदी ताटलीत लागोपाठ तीन गोळ्या घाल. मग मचाण तुझं. नाहीतर आहेच माझं पांघरूण.” मग थोडं थांबून म्हणाले, “आजोबांनी आयुष्यभर नळीवरच्या त्या लोखंडी खुणेनंच नेम धरला बरं का. एकतीस हरणं.”

पण मी एकेचाळीस व्हिडिओ पाहिले होते! लोखंडी खूण म्हणे!

काकांनी काउंटरवर एक काळी, आखूड, कोणीतरी वापरलेली दुर्बीण ठेवली. “चार पट. साधी आहे, पण काच चांगली. आमच्या दाट रानात यापेक्षा जास्त लागत नाही.”

ती दिसायला औषधाच्या बाटलीसारखी होती. तेवढ्यात माझं लक्ष गेलं सवलतीच्या टोपलीकडे. तिथे ती होती! लांबलचक, चमकदार, सहा पटींपासून चोवीस पटींपर्यंत, आत नेम धरायला लाल आणि हिरवी दोन्ही दिव्यांची फुली, पुढे उन्हाची टोपी. आणि किंमत त्या बाटलीपेक्षा फक्त नऊ डॉलर जास्त!

“एवढ्यात एवढं सगळं?” मी म्हटलं.

“म्हणूनच,” काका म्हणाले.

मी ती डोळ्याला लावून खिडकीबाहेर बघितलं आणि संपलंच! समोर सुपीरियर सरोवर, राखाडी, आकाशाला टेकलेलं. दूरवर खनिज वाहून नेणारं एक लांब जहाज, नुसत्या डोळ्यांना पेन्सिलीच्या रेघेएवढं. मी कडं चोवीसवर फिरवलं. जहाज तरंगत माझ्याजवळ आलं. डेकवर पिवळ्या कोटातला एक माणूस संत्रं सोलत होता! एकटाच, एवढ्या मोठ्या पाण्याच्या मधोमध! त्याने एक फोड तोंडात टाकली आणि डोळे मिटले. मला इथे त्या फोडीची चव आली, शप्पथ! दुकान, टोप्या, मासे, सगळं विरघळून गेलं. मीही त्या जहाजावर होते आणि आम्ही दोघं न बोलता कुठेतरी चाललो होतो.

“लेम्पी,” काका म्हणाले, “हरणं जहाजावर नसतात.”

पण मी पैसे मोजून टाकले होते.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर मी ती स्वतः बसवली. बाबा आत आले, टेबलाभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, “छान आहे. यात रायफल कुठे आहे?”

रविवारी आम्ही जुन्या रेतीच्या खाणीत गेलो. बाबा, मी आणि कॉफीचा मग घेतलेली आई. शंभर पावलांवर कागदी ताटली. चोवीस पटींत ती पौर्णिमेच्या चंद्रासारखी दिसत होती, काठावरची नक्षीसुद्धा! त्या चंद्रावर कोण राहत असेल, असा विचार करत मी आणखी जवळ सरकले. इतकी जवळ, की पापणी काचेला लागली.

व्हिडिओ क्रमांक सतरामध्ये सांगितलं होतं, डोळा चार बोटं मागे ठेवा. मला ते आठवलं, पण गोळी सुटल्यावर! रायफलने धक्का दिला आणि दुर्बिणीचं कडं माझ्या भुवईवर असं आदळलं की कपाळावर लालभडक चंद्रकोर उमटली.

“अगं बाई! मंगळवारी शाळेत फोटो काढणार आहेत!” आई ओरडली.

“काही नाही ग! शोभतेय!” मी म्हटलं आणि दुसरी गोळी झाडली.

आता सेमी-ऑटोमॅटिकचं असं असतं की गोळी सुटली की रिकामी पितळी पुंगळी आपोआप उजवीकडे उडते. आजोबांच्या काळी ती बर्फात पडायची आणि चुर्र करून विझायची. पण माझ्या दुर्बिणीला उजव्या बाजूला, नेम डावी-उजवीकडे सरकवायची, मुठीएवढी खुंटी होती! पुंगळी उडाली, खुंटीवर आपटली आणि मागे फिरली. टिंग! थेट आईच्या कॉफीत!

“कार्ल, हिला सांग—”

तिसरी गोळी. टण्ण! ती पुंगळी आईच्या कॉलरमधून आत गेली.

आईने जे नृत्य केलं, ते मी आजवर गावातल्या एकाही लग्नात पाहिलेलं नाही! पोल्का होता, पण दुप्पट वेगाने आणि जोडीदाराशिवाय. एक बूट इकडे, मग तिकडे, आणि तोंडाने एकाच श्वासात माझ्या सासरच्या, म्हणजे बाबांच्या घराण्याच्या, चार पिढ्यांचा—

थांबा, सासर आईचं! घाईत काहीही लिहिते मी. तर बाबांच्या घराण्याच्या चार पिढ्यांचा उद्धार! बाबा मात्र ताटलीकडे बघत होते. ताटली कोरी होती. मी नेम डावीकडे घ्यायच्या ऐवजी उजवीकडे घेत होते. खुंटी उलटी फिरवली. मग पुन्हा उलटी. सूर्य मावळायला आला आणि आई पार गाडीत जाऊन, काचा वर करून बसली, तेव्हा कुठे लागोपाठ तीन भोकं पडली. तिसरं अगदी काठावर, नक्षीतल्या फुलात.

“ताटलीतच आहे ना?” मी विचारलं.

बाबांनी भोकात बोट घालून बघितलं. “आहे,” ते म्हणाले. “पण एक लक्षात ठेव. आधी काय आहे ते नीट बघायचं, मगच बोट चापावर. हे विसरलीस तर मचाण परत माझं.”

पंधरा नोव्हेंबर, मोसमाचा पहिला दिवस. शाळेला सुट्टी, आमच्याकडे या दिवशी असतेच. उजाडायच्या सुमाराला मी मचाणावर चढले. खिशात गरम पास्टी, तिच्यातल्या बटाट्या-मांसाची ऊब कोटातून पोटाला लागत होती. मग बर्फ पडायला लागला.

आजोबा खरं बोलत होते. आवाज येतो! कोणीतरी शेजारच्या खोलीत झोपेत कूस बदलावी, तेवढाच. देवदार पांढरे होत गेले, दलदल पांढरी झाली, माझे गुडघे पांढरे झाले. मला वाटलं, मी पण हळूहळू झाड होणार. वसंतात कोणीतरी येईल आणि म्हणेल, अरे, या झाडाने टोपी कशी काय घातली?

आणि तेव्हाच मला तो दिसला.

ऐंशी पावलांवर, टेकाडाला पाठ लावून, दोन देवदारांच्या मधे. रुंद छाती, मान ताठ, शिंगांवर बर्फाची रेघ. नुसत्या डोळ्यांनी मी टोकं मोजली. दहा! माझं काळीज त्या नाटकातल्या वादळासारखं घोंघावायला लागलं. मी सावकाश रायफल वर केली, या वेळी डोळा चार बोटं मागे. हिरवी फुली त्याच्या खांद्यावर आली.

तो हलला नाही. इतका शांत! जणू माझीच वाट बघत उभा होता. बोट चापाकडे निघालं आणि बाबांचं वाक्य आठवलं. नीट बघायचं. बरं, बघते! मी कडं चोवीसवर फिरवलं.

खांद्यावर एका ओळीत पाच भोकं होती. पाचही राखाडी चिकटपट्टीने बुजवलेली.

गळ्यात सुतळीने पुठ्ठ्याचा तुकडा बांधला होता. त्यावर पेन्सिलीने, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं: “लेम्पी, आता कळलं ना, का पडलं नाही ते? — रेनो.”

मी हसले! अशी हसले की मचाण हललं, फांदीवरचा सगळा बर्फ माझ्या मानेत कोसळला आणि पास्टी खाली पडली. पास्टी पडल्याचा आवाज आला. पाठोपाठ आला कोणीतरी हुंगल्याचा आवाज.

मी खाली पाहिलं. मचाणाच्या अगदी पायथ्याशी, पास्टी पडली होती बरोबर तिथे, खरं हरीण उभं होतं. वाफ सोडणारं! ते पास्टी हुंगत होतं.

मी दुर्बिणीला डोळा लावला. तपकिरी धुकं. रायफल डावीकडे नेली. तपकिरी धुकं. उजवीकडे, एक केस. एकच, पण काय केस होता! मुळाशी राखाडी, टोकाला सोनेरी. कडं फिरवून सहावर आणलं. आता एक पापणी दिसली. लांब, ओली, आणि तिच्यावर बर्फाचं एक फूल. मी श्वास रोखून बघत राहिले. ते फूल वितळलं. पापणी मिटली, उघडली, आणि पुन्हा तपकिरी धुकं, आणि मग नुसतं पांढरं.

डोळा वर केला तेव्हा ते हरीण फोमच्या हरणापर्यंत पोचलं होतं. त्याने पुठ्ठा हुंगला, जणू वाचलाच, आणि झाडांत निघून गेलं. माझ्या रायफलीतल्या पाचही गोळ्या जागच्या जागी होत्या.

दुपारी रानातल्या आमच्या लाकडी खोलीत पोचले तेव्हा आई वेलदोड्याचा पाव कापत होती आणि बाबांचा चेहरा सणासारखा उजळला होता.

“सकाळपासून कान देऊन बसलो होतो,” ते म्हणाले. “एकही आवाज आला नाही! काल तू शाळेत असताना रेनोनं आणि मी ते हरीण उभं केलं. मी म्हटलं, बघू, पोरगी आधी बघते की आधी झाडते. मचाण तुझं, लेम्पी. कायमचं.”

“एवढ्या बारीक अक्षरांत का लिहिलं?”

“रेनो म्हणाला, तिच्याकडे चोवीस पटीची आहे, पैसे वसूल होऊ देत.”

मी बूट काढले. पावाचा तुकडा घेतला. मग सांगून टाकलं. “बाबा, खरं पण आलं होतं. मचाणाखाली. पास्टी हुंगत होतं.”

सुरी थांबली. बाबांच्या तोंडातली लिमलेटची गोळीसुद्धा थांबली.

“किती मोठं होतं?”

“पापण्या खूप लांब होत्या.”

“पापण्या? अगं, शिंगं? शिंगं केवढी होती?”

“शिंगं दुर्बिणीत मावली नाहीत.”

बाबांनी तोंडावर टोपी ओढून घेतली आणि त्यांचे खांदे हलायला लागले. आई तर उघडउघड हसत होती. मी मात्र उभी राहिले, कपाळावरची चंद्रकोर टोपीबाहेर काढली आणि जाहीर केलं:

“मी ठरवलंय! उद्या मी मचाणावरच बसणार, एकटी, आणि आजोबांच्या लोखंडी खुणेनं नेम धरणार. दुर्बीण आत्ताच काढते. ती माझ्या खोलीच्या खिडकीत बसवणार, जहाजं बघायला. आणि नवा नेम म्हणजे पुन्हा ताटली, तेव्हा जेवण झालं की लगेच खाणीत जायचंय. आई, तू कॉलरभोवती मफलर घे.”