सगुणाबाई टिटवी शांत होतात

एका जंगलात, बाळांनो, सगुणाबाई नावाची एक टिटवी राहत होती. राहत होती म्हणजे अगदी उघड्या माळावर. टिटव्या घरटं बांधत नाहीत. थोडे खडे इकडे सारतात, थोडे तिकडे सारतात, आणि मधे अंडी घालतात. भिंत नाही, छप्पर नाही, दार नाही. तुम्ही म्हणाल, हा काय वेडेपणा? पण टिटव्यांमध्ये असंच चालत आलंय, आणि चालत आलेल्याला नावं ठेवायची नसतात.

सगुणाबाईंजवळ एकच गोष्ट होती, ती म्हणजे आवाज. कुणी माळावर पाऊल टाकलं की त्या पंख पसरून समोर उभ्या राहायच्या आणि अशा कोकलायच्या की येणाऱ्याला आपण आलो कशाला असं व्हायचं.

संध्याकाळी गव्यांचा कळप नदीवर पाण्याला जायचा. सरळ वाट माळावरून होती. पण सगुणाबाई कोकलल्या की कळपाचे म्होरके आबासाहेब गवे कान फडफडवत मोठा वळसा घालायचे. अंडी सुखरूप राहायची.

एक दिवस आबासाहेबांनी हा विषय जंगलाच्या सभेत काढला.

"माळ सगळ्यांचा आहे. अंडी घाला, आमची ना नाही," ते म्हणाले. "पण बाईंची बोलायची पद्धत बरी नाही."

सगळ्यांनी माना डोलावल्या. आबासाहेबांचं जंगलात वजन होतं. अंदाजे एक टन.

"टिटवी ओरडली की अपशकुन होतो," ससा म्हणाला.

"माझी दुपारची झोप जाते," अस्वल म्हणालं. ते सकाळी आणि संध्याकाळीही झोपायचं, पण तो मुद्दा कुणी काढला नाही.

जंगलात त्या वर्षी शिबिरांची साथ आली होती. नदीकाठी कूर्मा मॅडम नावाच्या कासविणीचं एक शिबिर जोरात चाललं होतं. त्याचं नाव 'माझा राग, माझ्या मुठीत'. कासवाला मूठ नसते, पण शिबिराला नाव लागतंच. सभेनं एकमतानं सगुणाबाईंना तिकडे धाडायचं ठरवलं.

"अहो, मी गेले तर अंड्यांकडे कोण बघणार?" सगुणाबाईंनी नवऱ्याला विचारलं.

"मी आहे की," टिटवेराव म्हणाले, आणि पाय वर करून झोपले. आभाळ कोसळलं तर ते पेलायची जबाबदारी त्यांच्याकडे होती. त्यामुळे घरातली किरकोळ कामं त्यांना जमत नसत.

तरी सगुणाबाई गेल्या. मनातून त्यांनाही वाटायला लागलं होतं की आपण जरा जास्तच ओरडतो.

"अगदी सोपं आहे," कूर्मा मॅडम म्हणाल्या. "राग आला की मान आत घ्यायची. सावकाश श्वास घ्यायचा. राग ओसरला की मान बाहेर. बघा, मी करून दाखवते."

मॅडमची मान आत गेली. बराच वेळ आतच राहिली. शिबिरार्थींनी आदरानं वाट पाहिली.

सगुणाबाईंनी प्रयत्न केला. मान काही आत जाईना. मान आत घ्यायला पाठीवर कवच असावं लागतं. त्यांचं तोंड लालबुंद झालं.

"तुमची मान अजून हट्टी आहे," मॅडम म्हणाल्या. "होईल हळूहळू. आणि ओरडायचं नाही. 'मला असं वाटतं' अशी सुरुवात करून गोड शब्दांत सांगायचं."

सगुणाबाई मन लावून शिकल्या. शिबिर संपलं तेव्हा सगळ्यांनी त्यांचं कौतुक केलं. मॅडम तर स्वतः त्यांची प्रगती बघायला माळावर आल्या.

संध्याकाळ झाली. गवे आले. आबासाहेब पुढे होते. सगुणाबाईंनी श्वास घेतला. जमेल तेवढी मान आत घेतली.

"आबासाहेब," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "मला असं वाटतं, की आपण इथून चालत गेलात तर मला थोडं अस्वस्थ वाटेल."

"वा!" आबासाहेब खूश झाले. "याला म्हणतात बोलणं! तुमच्या भावनांचा आम्हाला आदर आहे हं, बाई."

आणि ते सरळ चालत आले.

एक अंडं गेलं. आवाजही फारसा झाला नाही.

सगुणाबाई फुटक्या कवचाकडे बघत उभ्या राहिल्या. त्यांना रडायचं होतं, पण रडण्याचा धडा शिबिरात झाला नव्हता.

"सुंदर!" मॅडम म्हणाल्या. "किती छान सांभाळलंत स्वतःला! आता जे उरलंय त्याबद्दल मनात कृतज्ञता आणा."

सगुणाबाईंनी उरलेल्या अंड्यांकडे बघितलं. वर आबासाहेबांचा दुसरा खूर उचललेला होता.

मग त्या ज्या कोकलल्या, बाळांनो, की टिटवेराव आभाळ सोडून उठले. आबासाहेब गर्रकन बाजूला वळले आणि पळत सुटले. कळप त्यांच्यामागे. समोर नदीकाठची वाळू होती.

कासविणी अंडी वाळूत पुरतात. मॅडमनीही पुरली होती.

"अरे मेल्यांनो!" मॅडम किंचाळल्या. मान सगळीच्या सगळी बाहेर आली. इतकी लांब मान त्यांना होती हे कुणालाच ठाऊक नव्हतं. "डोळे फुटले का तुमचे? माझी पोरं आहेत तिथं! सगुणाबाई, बघता काय? ओरडा की!"

'मॅडम, श्वास घ्या,' असं सगुणाबाईंच्या अगदी जिभेवर आलं होतं. त्यांनी ते गिळलं. अंडं शेवटी अंडं असतं. त्या उडत वाळूवर गेल्या आणि कळपाच्या तोंडावर अशा ओरडल्या की गवे पुन्हा वळले आणि थेट डोंगरापलीकडे गेले.

शिबिर अजून चालतं, बरं का. आता ते त्या वाळूवरच भरतं. रोज संध्याकाळी गवे यायच्या वेळी सगुणाबाईंना ओरडायला मुद्दाम बोलावणं जातं. त्या ओरडू लागल्या की मॅडम डोळे मिटून शिबिरार्थींना शांतपणे सांगतात, "बाहेरच्या गोंगाटाकडे लक्ष देऊ नका."

तात्पर्य : राग आवरणं मुळीच अवघड नाही. फक्त खुराखालची अंडी दुसऱ्याची हवीत.